वाजतगाजत

पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडे एक काम आहे.

मागच्या महिन्यात चौल-रेवदंड्याच्या बाजूला एका हळदीला गेलो होतो. आपल्याकडची हळद म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. मांडवाच्या एका अंगाला डीजे होताच. पण नवऱ्याच्या आजीने हट्ट धरला होता की नातवाची हळद 'बाज्यावर' झाली पाहिजे, म्हणून ब्रास बँडही बोलावला होता. दहाला डीजे बंद झाला. बँडवालेही जेवायला उठले. आम्ही चौघे प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून बसलो आणि वादाला तोंड फुटलं.

वाद काय? तर आजवरचा सगळ्यात मोठा पितळी वाजवणारा कोण!

चौघे म्हणजे, एक निवृत्त शिक्षक. त्यांना आम्ही गुरुजीच म्हणतो. दुसरा कोर्लईचा माझा मित्र, बरीच वर्षं जहाजावर होता. तिसरा माझा भाचा, रील एडिट करतो, हातातून मोबाईल सुटत नाही. आणि चौथा मी.

गुरुजींनी पहिलं नाव टाकलं, मनोहारी सिंग. पंचमदांच्या गाण्यांतला तो सॅक्सोफोन आठवा म्हणाले. कोण नाही म्हणणार? पण भाच्याने मोबाईल काढला आणि गुरुजींना थांबवलं. सॅक्सोफोन पितळेचा असतो, पण पितळी वाद्यांत तो मोडत नाही. त्याच्या तोंडाशी वेताची पट्टी असते, आवाज त्या पट्टीच्या थरथरीतून येतो. म्हणून तो क्लॅरिनेटच्या, आपल्या सनईच्या गोतातला. पितळी वाद्य म्हणजे ज्यात वाजवणाऱ्याचे ओठच थरथरतात. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम, बिगुल. आपली तुतारी त्यातच, आपलं शिंगही त्यातच. आणि गंमत म्हणजे देवळातला शंख पितळेचा नसूनही याच घरातला. गुरुजी म्हणाले, "म्हणजे रोज सकाळी शंख फुंकणारा आमचा पुजारी पण यादीत?" हसलो सगळे. पण मनोहारी सिंग बाद झाले ते झालेच.

मग कोर्लईवाला सरसावला. त्याच्या गावात अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, माउंट कार्मेलचं चर्च आहे, आणि गोव्याचा विषय निघाला की तो घरचा असल्यासारखा बोलतो. त्याने नाव घेतलं चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. १९१६ साली बार्देशातल्या हळदोणे गावात जन्म. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचा, लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. आपल्या मराठी माणसाशी त्याचं नातं काय? तर पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्याला सोबत घेतलं. भगवानदादांचा १९५१ चा 'अलबेला' आठवा. त्यातला तो ट्रम्पेट, ती चाल धरून पाय हलवायला लावणारी फेक. एका गाण्यात तर तो आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. १९६७ साली गेला. पन्नाशीच्या आसपासच.

त्याच्या पाठोपाठ त्याने फ्रँक फर्नांडचं नाव घेतलं. हाही गोव्याचा, हाही ट्रम्पेटवाला. पुढे त्याने 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' असे कोकणी सिनेमे काढले. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना लिखित स्वर वाचायला शिकवत. त्यामुळे मुंबईच्या सिनेमाला जेव्हा वीस-तीस माणसांचा ताफा एकदम वाजवायला हवा होता, तेव्हा कागद समोर ठेवला की वाजवणारी माणसं गोव्याकडून मिळाली. कोर्लईवाल्याचं म्हणणं असं की हा वाद इथंच संपतो.

भाचा कुठला ऐकतो. तो म्हणाला, हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणता, मग खरा लुई आर्मस्ट्राँग का नाही? मग डिझी गिलेस्पीचा व्हिडिओ दाखवला. बेडकासारखे गाल फुगलेले आणि ट्रम्पेटचं तोंड आभाळाकडे वळलेलं. मग मॉरिस आंद्रे नावाचा फ्रेंच माणूस ऐकवला. खाणकामगाराचा मुलगा, पोरवयात स्वतःही कोळशाच्या खाणीत राबलेला, आणि पुढे शास्त्रीय संगीतात ट्रम्पेट एकट्याने उभं करणारा. मोबाईलच्या बारक्या स्पीकरवरसुद्धा अंगावर काटा आला.

मी किशोर सोढांचं नाव घेतलं. पंचमदांच्या ताफ्यातला ट्रम्पेट. गुरुजींनी पुण्याच्या गणपती मिरवणुकीतला प्रभात बँड काढला. अर्धा तास नुसता कल्ला. प्रत्येकाचा माणूस सगळ्यात मोठा.

आमच्या मागच्या खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. लाल कोट काढून मांडीवर ठेवलेला, आत भोकं पडलेली गंजी. ट्रम्पेटचा तोंडाचा भाग काढून तो रुमालाने पुसत होता. ज्या बँडची आम्ही वाट बघत होतो त्या बँडचा तो मास्तर. आमचं सगळं त्याने ऐकलं. एक शब्द बोलला नाही. आम्हीही त्याला एक शब्द विचारला नाही.

अकराच्या सुमाराला आजीने हाक मारली. मास्तर उठला, कोट चढवला, आणि मांडवाच्या दाराशी जुन्या कोळीगीताची चाल धरली. आजी काठी टाकून नाचली. आम्ही चौघांनी मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढला. आजीचा. मास्तरचा नाही.

निघताना तो माझ्याजवळ आला. "भाऊ, तुमी पेपरवाले ना? एक काम होता तुमच्याकडं."

दोन दिवसांनी सकाळी तो घरी आला. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि एक अर्ज. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलाकारांना मानधन देण्याची योजना आहे ना, तिचा. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. १९५४-५५ पासून चालत आलेली योजना. पन्नाशीच्या पुढचे, कमी उत्पन्नाचे कलाकार त्यात बसतात.

या योजनेतली एक गोष्ट मला त्या दिवशी कागद वाचताना नव्याने खटकली. २०२४ पर्यंत या मानधनात तीन वर्ग होते. राष्ट्रीय पातळीच्या कलाकाराला महिना ३,१५० रुपये, राज्य पातळीच्याला २,७००, आणि स्थानिक पातळीच्याला २,२५०. म्हणजे आम्ही हळदीत जो वाद घातला, तो सरकारने कितीतरी वर्षं फायलीवर घातला होता. मोठा कोण, मधला कोण, धाकटा कोण. आणि पहिल्या आणि तिसऱ्यातलं अंतर किती? ९०० रुपये. २०२४ मध्ये हे वर्ग गेले आणि सगळ्यांना सरसकट ५,००० रुपये झाले. चांगली गोष्ट झाली. पण दरवर्षी एका जिल्ह्यातून शंभरच कलाकार निवडायचे असतात. आपल्या जिल्ह्यात भजनी बुवा किती, शाहीर किती, नाचाचे आणि नमनाचे कलाकार किती, खालू बाजावाले किती, तुम्हीच मोजा.

मास्तरचं अडलं होतं वेगळ्याच ठिकाणी. कोणत्या कार्यालयात, ते सांगत नाही. समोरच्या माणसाने दोन प्रश्न विचारले होते. पहिला, "कलाप्रकार काय लिहू?" मास्तर म्हणाला ट्रम्पेट. तो म्हणाला, "म्हणजे तुतारी ना?" मास्तर म्हणाला, "नाय, तुतारी येगली. तुतारीला बटना नसतात." तो म्हणाला, "मग वादक लिहितो." दुसरा प्रश्न, "कलाकार असल्याचा पुरावा? प्रमाणपत्र, सन्मानपत्र, पेपरची कात्रणं?"

मास्तरकडे यातलं काही नव्हतं. म्हणून तो माझ्याकडे आला होता.

"माजा नाव कदी तुमचे पेपरान आयलाय का, तां बगाचा होता."

मी म्हटलं, बघतो. इतकी वर्षं गावोगावच्या बातम्या करतोय, कुठेतरी असणारच. आणि खरं सांगतो, मला वाटलं होतं दहा मिनिटांचं काम आहे.

माझ्याकडे जुन्या अंकांच्या फायली आहेत. वाळवी लागायची राहिलीय तेवढीच. तीन रात्री बसलो. पालखी, उरूस, साखरमान, गणपती विसर्जन, विजयी मिरवणूक, शाळेचा सुवर्णमहोत्सव, नव्या होडीची पूजा, साहेबांचं स्वागत. सगळं मी लिहिलेलं. आणि सगळ्यात एक शब्द. वाजतगाजत.

'वाजतगाजत मिरवणूक काढण्यात आली.' 'वाजतगाजत स्वागत करण्यात आले.' 'वाजतगाजत पालखी प्रस्थान झाली.' चिडून मोजायला लागलो. नुसत्या तीन वर्षांच्या फायलींत ६१ वेळा. त्या ६१ बातम्यांत नारळ फोडणाऱ्याचं नाव आहे, हार घालणाऱ्याचं आहे, 'प्रमुख उपस्थिती'त बारा-बारा जणांची नावं आहेत, सूत्रसंचालन कोणी केलं ते आहे, आभार कोणी मानले ते आहे. मंडप डेकोरेटरचं नावसुद्धा आहे, कारण त्याने जाहिरात दिली होती. वाजवणाऱ्याचं एकदाही नाही. बँडचंही नाही. माझ्या भाषेत वाजायचं ते आपोआप वाजायचं आणि गाजायचं ते साहेबांचं गाजायचं.

एक कात्रण मात्र सापडलं. बऱ्याच वर्षांपूर्वीचं. मे महिना, वरात आटोपून परतणारा बँडवाल्यांचा टेम्पो महामार्गावर कलंडला होता. चार ओळींची बातमी, माझीच. शेवटची ओळ जखमींच्या नावांची. त्यात मास्तरचं नाव, एक अक्षर चुकलेलं, आणि पुढे, 'किरकोळ जखमी'.

पन्नास वर्षं ट्रम्पेट वाजवणारा माणूस माझ्या वर्तमानपत्रात एकदाच आला, तो टेम्पोतून पडला म्हणून.

मी ते कात्रण त्याला दाखवलं. त्याने चष्मा वर करून वाचलं. बराच वेळ वाचलं. मग विचारलं, "हाच लावू का?"

तो चेष्टा करत होता की खरंच विचारत होता, मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर मी त्याच्या घरी जाऊन बसलो. जे काम मी वीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं, ते आता केलं. वही काढली आणि विचारलं, मास्तर, सुरुवातीपासून सांगा.

सोळाव्या वर्षी मामाबरोबर मुंबईला गेला. लग्नाच्या एका बँडमध्ये आधी दोन वर्षं खुळखुळा, मग झांज, मग कुठे पितळ हातात मिळालं. लिखित स्वर वाचता येत नाहीत. सिनेमाची गाणी आधी रेडिओवर ऐकून बसवायचे. आठवड्यातून अमुक एका वेळी गाणं लागणार, सगळ्यांनी कान लावायचे, एकाने मुखडा पकडायचा, दुसऱ्याने अंतरा. कॅसेट आली तेव्हा त्यांना चैन वाटली म्हणे, मागे घेऊन परत ऐकता येतं!

ट्रम्पेट मेरठचं. आपल्या देशातल्या बहुतेक बँडचं पितळ मेरठच्या जली कोठी भागातून येतं. तिथली नादिर अली कंपनी १८८५ पासून वाद्यं बनवते. मास्तरच्या ट्रम्पेटला दोन ठिकाणी डाग दिलेले आहेत, एक तर गावातल्या भांडी झाळणाऱ्याने. तो म्हणाला की त्यानंतर आवाज थोडा घोगरा झाला, पण लोकांना तोच आवडायला लागला.

वाद्य कसं चालतं ते त्याने मला दाखवलं. बटणं फक्त तीन. बोटांनी त्यांची दाबून-सोडून अदलाबदल केली तरी नळीच्या लांबीच्या सातच तऱ्हा होतात. बाकीचे सगळे स्वर ओठांनी काढायचे. तेच बटण, तीच फुंकर, ओठ जरा आवळले की स्वर वर उडी मारतो. म्हणजे ट्रम्पेट हातात असतं, पण वाजतं तोंडात. म्हणून वय झालं की बोटं दगा देत नाहीत, ओठ आणि दात देतात. तोंडाचा भाग ज्या दोन दातांवर टेकतो, त्यातला मास्तरचा एक हलतोय. तो पडला की संपलं. म्हणून अर्ज. इतकी वर्षं त्याला अर्जाची गरज वाटली नव्हती.

हे ऐकून घरी आलो आणि भाच्याने त्या रात्री दाखवलेल्या लुई आर्मस्ट्राँगबद्दल वाचलं. तो आयुष्यभर ओठांच्या दुखण्याने हैराण होता. ओठांना लावायचं खास मलम वापरायचा. वाजवून वाजवून ओठाभोवतीचा स्नायू फाटतो, त्या दुखण्याला डॉक्टरांनी पुढे त्याच्याच टोपणनावावरून सॅचमो सिंड्रोम असं नाव दिलं. मास्तरच्या वरच्या ओठावर मधोमध एक गोल चट्टा आहे. पन्नास वर्षांचा. मी त्याला पन्नास वेळा पाहिला असेन आणि मला वाटायचं लहानपणी लागलं असेल. आर्मस्ट्राँगच्या ओठाला वैद्यकशास्त्रात नाव मिळालं. मास्तरच्या ओठाकडे त्याच्याच गावच्या पत्रकाराने बघितलं नाही.

दोघांची बरोबरी करत नाही. मला तेवढं संगीतातलं कळतही नाही. पण मे महिन्याच्या दुपारी, दुसऱ्याच्या घामाचा वास मारणारा मखमली कोट घालून, चार तास चालत-चालत वाजवायचं, समोर फटाके, अंगावर दारू प्यालेले वऱ्हाडी, पायाखाली खड्डे. पाय खड्ड्यात गेला की पितळ सरळ दातावर आपटतं. आणि चौथ्या तासाला नवरीच्या पाठवणीला 'नीलकमल'मधलं ते बापाचं गाणं, ज्यात सगळ्यात वरचा स्वर शेवटी येतो. तेव्हा ओठ सुजलेले असतात. तिथे स्वर फाटला तर नवरीचा बाप रडायचा थांबतो, असं मास्तर म्हणाला. स्टुडिओत बसून वाजवणाऱ्याला दुसरा टेक मिळतो. वरातीत मिळत नाही.

आता थोडं राजकारणाचं, कारण या पानावर त्याशिवाय कोणाचं पोट भरत नाही.

२४ फेब्रुवारी २०२४ ला आपल्याच रायगड किल्ल्यावर शरद पवारांच्या पक्षाच्या नव्या चिन्हाचं अनावरण झालं. 'तुतारी वाजवणारा माणूस'. नीट बघा, चिन्ह तुतारी नाही, तुतारी वाजवणारा माणूस आहे. मला त्या दिवशी वाटलं होतं, चला, वाजवणाऱ्याला पहिल्यांदा कोणीतरी ओळखलं. पुढे लोकसभेला अपक्षांच्या चिन्हांत ट्रम्पेटही होतं आणि यादीत त्याचं मराठी नाव लिहिलेलं होतं 'तुतारी'. साताऱ्यात शशिकांत शिंदे सुमारे ३२ हजार मतांनी हरले आणि ट्रम्पेटवाल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. दिंडोरीत ट्रम्पेटवाल्या अपक्षाने लाखाच्या वर मतं घेतली. ती सगळी चुकून पडली का, हा वाद ज्याने-त्याने आपापल्या पक्षाप्रमाणे घालावा. नंतर विधानसभेला त्या चिन्हाचं नाव मराठीतही 'ट्रम्पेट' झालं.

हे मी मास्तरला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा मोठ्याने हसला. म्हणाला, "म्हंजे सरकारला पन दोन्ही सारकाच वाटला व्हता. मंग त्या बिचाऱ्या कारकुनाचा काय चुकला?"

त्याला राग नव्हता. पण विचार करा. एका शब्दाच्या घोळामुळे लोकसभेच्या निकालावर चर्चा झाली, पत्रकार परिषदा झाल्या, आयोगाकडे तक्रारी गेल्या. तोच घोळ एका म्हाताऱ्याच्या अर्जावर झाला, तर त्याने कुठे जायचं? आणि त्या दोन-तीन महिन्यांत तुतारीवर मी निदान वीस बातम्या केल्या असतील. एका तरी तुतारीवाल्याचं नाव छापलं का? नाही छापलं. 'तुतारीच्या निनादात' असं लिहिलं. वाजतगाजतचंच चुलत भावंड.

आता परत पहिल्या प्रश्नाकडे. सगळ्यात मोठा कोण?

त्या रात्री आम्ही जी नावं घेतली, ती सगळी मोठीच आहेत, त्यात शंका नाही. पण आम्हाला ती माहीत कशी? कोणीतरी ती लिहून ठेवली म्हणून. चिक चॉकलेटची पिढी तर विस्मरणात जातच होती. सिनेमाच्या पाटीवर संगीतकाराचं नाव यायचं, वाजवणाऱ्यांचं नाही. नरेश फर्नांडिस या पत्रकाराने 'ताज महाल फॉक्सट्रॉट' हे पुस्तक लिहिलं, तेव्हा मुंबईच्या त्या जॅझवाल्यांची नावं पुन्हा लोकांच्या तोंडी आली. आणि लग्नाच्या बँडवाल्यांवरचं मोठं पुस्तक कोणी लिहिलं? ग्रेगरी बूथ नावाच्या प्राध्यापकाने, जे न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात शिकवत. 'ब्रास बाजा', साल २००५. तो माणूस समुद्र ओलांडून आला आणि बँडवाल्यांच्या दुकानात बसून त्यांच्या मुलाखती घेतल्या. मी चार किलोमीटरवर राहतो.

म्हणून मला वाटतं की 'सगळ्यात मोठा कोण' हा वाद आपण घालतो तेव्हा आपण फक्त छापलेल्या नावांतून निवडत असतो. न छापलेल्यांची गोष्टच निघत नाही. आणि इथे आपल्या किनाऱ्यावर ती नावं न छापणारा माणूस कोण होता, तर मी. डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं, बातमीत पहिल्यांदा 'कोण' आलं पाहिजे. मी 'कोण' लिहीत होतो. फक्त ज्यांच्या गळ्यात हार असायचा त्यांचंच.

निघताना मी मास्तरला विचारलं होतं, तुम्ही त्या रात्री आमचं सगळं ऐकलंत, तुमच्या मते सगळ्यात मोठा कोण? मला वाटलं होतं तो एखाद्या सिनेमातल्या वादकाचं नाव घेईल. त्याने एक नाव घेतलं जे तुम्ही-आम्ही कोणीच ऐकलेलं नाही. त्याच्या मुंबईच्या बँडमधला, ज्याने त्याला ओठ कसे आवळायचे ते शिकवलं. युफोनियम वाजवायचा. बँडच्या मागच्या रांगेत उभा राहायचा. त्याचा स्वर वेगळा कोणाला ऐकू यायचा नाही, पण तो दम घ्यायला थांबला की पुढचे सगळे लटपटायचे. केव्हाच गेला. फोटोही नाही.

"त्याचा नाव आदी लिवा," मास्तर म्हणाला. "माजा मंग लिवा."

दोन्ही नावं मी वहीत लिहिली. अक्षरं त्याच्याकडून तपासून घेतली, या वेळी चूक नको. तुम्ही म्हणाल, मग इथे का नाही लिहीत? मी विचारलं होतं त्याला. तो म्हणाला, "फेसबुकवर नको भाऊ. लोकां बोलतील, म्हातारा पैसं मागतंय. पेपरान छापा. तो कागद असतो." म्हणून इथे फक्त मास्तर. नावं या रविवारच्या अंकात येतील, पूर्ण, फोटोसकट. त्या बँडमधल्या बाकीच्या अकरा जणांचीही येतील. साईड ड्रमवाल्यापासून डोक्यावर लाईट धरणाऱ्या बायकांपर्यंत. त्या बायकांचं तर 'वाजतगाजत'मध्येही काही नसतं.

पण एक कात्रण म्हणजे पुरावा होत नाही. कार्यालयातला माणूस म्हणेल, अर्ज केल्यावर छापून आणलं. आणि त्याचं म्हणणं चूक नसेल.

म्हणून तुमच्याकडचं काम. आपल्या भागात १९८० पासून पुढे झालेल्या लग्नांचे अल्बम घरोघर आहेत. कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या साड्यांखाली. व्हिडिओ कॅसेटी आहेत. ते जरा काढा. नवरा-नवरीकडे बघू नका, ते तुम्हाला पाठ आहेत. फोटोच्या कडेला बघा. लाल किंवा निळा कोट, खांद्यावर सोनेरी झालर, अर्धा कापला गेलेला चेहरा, तोंडाशी पितळ. मागे तारीख असेल तर उत्तम. तुमच्या लग्नाची पत्रिका असेल आणि तिच्यावर बँडचं नाव असेल तर त्याहून उत्तम, काही पत्रिकांवर असायचं. फोटो काढून मला इनबॉक्सला पाठवा. मूळ फोटो तुमच्याकडेच ठेवा, हरवले तर मी घरात राहू शकणार नाही.

नुसत्या मास्तरसाठी नाही. बाकीच्या गावांत बाकीचे मास्तर आहेत. कोणाचे दात पडलेत, कोणाचं पितळ भंगारात गेलंय. त्यांची नावं विचारून घ्या आणि मला कळवा, इथे कमेंटमध्ये टाकू नका. ग्रामसभेला जाणाऱ्यांनी एवढंच करा की अमुक माणूस आमच्या गावात इतकी वर्षं बँड वाजवतो, असा ठराव मांडा. ठराव हा कागद असतो. शंभरच जागा आहेत हे मलाही माहीत आहे. पण निदान अर्ज कोरा परत येऊ नये.

आणि ज्या पत्रकार मित्रांपर्यंत ही पोस्ट जाईल, त्यांना हात जोडून एक सांगणं. पुढच्या बातमीत 'वाजतगाजत' लिहाल तेव्हा जरा थांबा, मागे वळा आणि ज्याच्या तोंडाशी वाद्य आहे त्याला नाव विचारा. गाणं संपू द्या मात्र. मधे विचारलंत तर त्याचा स्वर फाटेल.

आमच्या घरी काल माझ्याच लग्नाचा अल्बम काढला. चौथ्या पानावर मी घोड्यावर बसलोय. घोड्याच्या शेपटीजवळ एक लाल कोट आहे. वरच्या ओठावर चट्टा आहे की सावली, ते भिंगातून बघावं लागलं.

चट्टाच आहे. तारीख मागे बायकोच्या अक्षरात आहे. पहिला पुरावा तो लावलाय.